पत्ते बदलणारी पेटी आणि संरक्षणाचा समज

मे १९९४ मध्ये 'आरएफसी १६३१' या क्रमांकाने दहा पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. आरएफसी म्हणजे अभिप्रायासाठी मांडलेले टिपण. इंटरनेटचे नियम, प्रस्ताव आणि वाद अशाच टिपणांतून घडत आलेले आहेत. या टिपणाचे लेखक होते केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस. विषय होता 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेटर', म्हणजे संगणकांचे पत्ते बदलून देणारी पेटी. आज तिला सर्वजण 'नॅट' म्हणतात. आपल्या घरातला वाय-फायचा राउटर, शाळेच्या संगणक कक्षातली फायरवॉल आणि मोबाइल कंपन्यांची केंद्रे या सर्व ठिकाणी ती बसलेली आहे.

टिपण माहितीपर म्हणून निघाले होते. त्याला मानकाचा दर्जा नव्हता आणि लेखकांनी तसा दावाही केला नव्हता. त्यांनी तात्पुरता म्हणून सुचवलेला उपाय तीस वर्षांनंतरही चालू आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग शिक्षकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. या उपायाबरोबर एक समज पसरला, की नॅट म्हणजेच संरक्षण, पत्ता लपला की संगणक सुरक्षित झाला. अनेक माहितीपुस्तकांत आणि वर्गातल्या टिपणवह्यांत हे वाक्य नियमासारखे लिहिलेले आढळते. म्हणून मूळ टिपण काय म्हणते, ते कुठे बरोबर होते, कुठे अपुरे पडले आणि हा समज त्याला कसा चिकटला, हे तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

टंचाई कशाची होती?

इंटरनेटवरच्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ ने हा पत्ता ३२ बिटांचा ठरवला. प्रत्येक बिटाला ० किंवा १ असे दोन पर्याय, म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. काही शेकडा संगणकांच्या जाळ्यासाठी हा आकडा अफाट होता.

वाटप मात्र ढोबळ मापाने झाले. संस्थांना पत्ते तीन मापांत मिळत. 'अ' वर्गात १,६७,७७,२१६, 'ब' वर्गात ६५,५३६ आणि 'क' वर्गात २५६. दोन हजार संगणक असणाऱ्या विद्यापीठाला 'क' अपुरा पडे, म्हणून ते 'ब' मागे आणि त्यातले साठ हजारांहून अधिक पत्ते पडून राहत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेकडे १८ ने सुरू होणारा संपूर्ण 'अ' वर्ग होता. तहसील कचेरीने जमीन फक्त एक एकर, शंभर एकर आणि दहा हजार एकर अशाच तुकड्यांनी द्यायची ठरवली, तर जे होईल तेच येथे झाले. सप्टेंबर १९९३ मध्ये ही वर्गपद्धती सोडून गरजेच्या मापाचे तुकडे देण्याची रीत आली. तिने वाटप सुधारले, पण एकूण साठा वाढला नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे हे टिपण निघून सव्वा वर्ष झाल्यावर. जे देश आणि ज्या संस्था उशिरा आल्या, त्यांच्या वाट्याला मोठे तुकडे आलेच नाहीत. पत्त्यांची टंचाई सर्वांना सारखी जाणवली नाही, हे पुढील विवेचनात लक्षात ठेवावे.

उपाय : एकच पत्ता अनेक ठिकाणी

पॉल फ्रान्सिस आणि टोनी इंग यांनी ही कल्पना जानेवारी १९९३ मध्ये एका शोधलेखात मांडली होती. फ्रान्सिस यांचे आडनाव तेव्हा त्सुचिया असे होते. कल्पना साधी आहे. एखाद्या संस्थेतले बहुतेक संगणक बहुतेक वेळ आपसांतच बोलतात, बाहेरच्या जगाशी एका वेळी थोडेच बोलतात. मग आतल्या प्रत्येकाला जगात एकमेव असा पत्ता कशाला हवा? आत कोणतेही ठरावीक पत्ते वापरावेत, तेच पत्ते दुसऱ्या संस्थेनेही आपल्या आत वापरावेत आणि सीमेवरच्या पेटीने बाहेर जाताना ते बदलावेत.

टिपणातले उदाहरणच घेऊ. 'अ' आणि 'ब' या दोन संस्था आत १० ने सुरू होणारे पत्ते वापरतात. 'अ' मधला १०.३३.९६.५ हा संगणक 'ब' मधल्या एका संगणकाला पाकीट पाठवतो. त्याला तो संगणक १९८.७६.२८.४ या जाहीर पत्त्याने माहीत आहे. पाकीट 'अ' च्या सीमेवर आले, की पेटी पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून १९८.७६.२९.७ असा जाहीर पत्ता लिहिते आणि आपल्या तक्त्यात ही जोडी नोंदवते. 'ब' च्या सीमेवरची पेटी घेणाऱ्याचा जाहीर पत्ता खोडून १०.८१.१३.२२ हा आतला पत्ता लिहिते. उत्तर येताना हेच उलट क्रमाने होते. दोन्ही टोकांच्या संगणकांना या खाडाखोडीचा पत्ताही लागत नाही.

येथे एका आतल्या संगणकामागे एक बाहेरचा पत्ता खर्च होतो, निदान संभाषण चालू असेपर्यंत. आपण आज वापरतो तो प्रकार याच्या पुढचा आहे. त्यात शेकडो संगणक एकाच जाहीर पत्त्यावर चालतात. त्यासाठी पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही बदलला जातो. पोर्ट म्हणजे एकाच संगणकातली अनेक संभाषणे वेगळी ओळखता यावीत म्हणून दिलेला १६ बिटांचा क्रमांक, म्हणजे ६५,५३६ शक्यता. जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०२२ मध्ये साधा आणि पोर्टसह असे दोन्ही प्रकार व्यवस्थित मांडले आहेत.

हा दुसरा प्रकार समजावून सांगताना बहुतेक जण सोसायटीच्या रखवालदाराचा दाखला देतात. तो चुकीच्या दिशेला नेतो, कारण रखवालदाराचे काम अडवणे आहे. त्यापेक्षा सरकारी कचेरीतली आवक-जावक बारनिशी अधिक जवळची आहे. कचेरीतल्या कोणत्याही टेबलावरून पत्र बाहेर जायचे असेल, तर कारकून त्यावर जावक क्रमांक घालतो आणि बारनिशीत नोंदवतो : जा. क्र. ४०५१, आस्थापना शाखा. पत्रावर पत्ता कचेरीचाच असतो. उत्तरात 'आपले पत्र जा. क्र. ४०५१' असा संदर्भ येतो. कारकून बारनिशी उघडतो आणि उत्तर आस्थापना शाखेकडे पाठवतो. कचेरीचा एक पत्ता, टेबले चाळीस, आणि गोंधळ होत नाही तो जावक क्रमांकामुळे. पोर्ट क्रमांक म्हणजे हा जावक क्रमांक.

आता संदर्भ नसलेले पत्र आले तर? कचेरीत कारकून निदान मजकूर वाचून अंदाज करतो. पेटी अंदाज करत नाही. तक्त्यात नोंद नसेल तर पाकीट टाकून देते. नॅटच्या संरक्षणाची सारी ख्याती या एका कृतीवर उभी आहे.

दाखल्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बारनिशी वर्षानुवर्षे कपाटात राहते, पेटीतली नोंद काही मिनिटांत किंवा तासांत पुसली जाते. जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने यूडीपी प्रकारच्या संभाषणाची नोंद साधारणपणे दोन मिनिटांच्या आत पुसू नये, असा नियम घातला. संभाषण त्याहून अधिक काळ गप्प राहिले तर ते तुटू शकते. म्हणूनच अनेक कार्यक्रम सांगण्यासारखे काही नसतानाही अधूनमधून एक रिकामे पाकीट पाठवत राहतात.

खाडाखोड किती खोल जाते?

पत्ता बदलणे म्हणजे पाकिटावरचे चार आकडे बदलणे एवढेच असते, तर प्रश्न नव्हता. टिपणाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे हे काम किती खोल जाते, याचा त्यात दिलेला प्रामाणिक हिशेब.

पहिली गोष्ट ताळ्याची. गुणाकार बरोबर आहे का हे पाहायला आपण नऊचा ताळा शिकवतो. पाकीट वाटेत बिघडले नाही ना हे पाहायला त्यावरही एक ताळा लिहिलेला असतो. टीसीपीच्या ताळ्यात पत्त्यांचे आकडेही मिळवलेले असतात. पत्ता बदलला की ताळा चुकणार, म्हणून पेटीने तोही नव्याने लिहायचा. म्हणजे पाकीट मूळचेच आहे याची खात्री देणारी खूण मधल्याच कोणीतरी बदलायची. हे काम निरुपद्रवी आहे, पण याचा अर्थ असा, की पत्त्याला कुलूपबंद करणारी कोणतीही पद्धत नॅटमधून जाऊ शकत नाही. पत्त्यांसह पाकिटाची सचोटी सिद्ध करण्यासाठी आयपीसेक योजनेतला एक भाग पुढे तयार झाला. तो नॅटपाशी अडला, कारण पेटीचा बदल आणि चोराचा बदल यांत त्याला फरक करता येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. काही कार्यक्रम पत्ता पाकिटावर लिहितात तसा आतल्या मजकुरातही लिहितात. फाइल पाठवण्याची जुनी पद्धत एफटीपी घ्या. तिच्या पोर्ट नावाच्या आज्ञेत 'मला या पत्त्यावर जोडणी करा' असे अक्षरांत लिहिलेले असते. वरच्या उदाहरणात तो पत्ता १०,३३,९६,५ असा जाईल. स्वल्पविराम धरून ही दहा अक्षरे झाली. त्याऐवजी १९८,७६,२९,७ लिहायचे म्हणजे अकरा अक्षरे. मजकूर एका अक्षराने वाढला. टीसीपीत प्रत्येक अक्षराला ओळीने क्रमांक असतो, म्हणून यापुढच्या प्रत्येक पाकिटाचा क्रमांक एकाने वाढवायचा आणि परत येणाऱ्या पोचपावत्यांचा एकाने कमी करायचा. हे त्या जोडणीच्या अखेरपर्यंत. कारकुनाने लिफाफा बदलला, मग लिफाफा उघडून पत्रातला मजकूर बदलला आणि त्यानंतर प्रत्येक पत्राचे पृष्ठक्रमांकही बदलत बसला, असे हे झाले. एगेवांग यांनी क्रे कम्युनिकेशन्सच्या राउटरवर हे सारे प्रत्यक्ष करून दाखवले होते.

यातून निघणारा निष्कर्ष विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखा आहे. अशा पेटीला प्रत्येक कार्यक्रमाची भाषा येणे भाग पडते. उद्या कोणी नवा कार्यक्रम लिहिला, तर तो चालेल की नाही हे दोन टोकांवर अवलंबून न राहता मधली पेटी त्याला ओळखते का यावर ठरेल. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ च्या प्रसिद्ध शोधलेखात याच्या उलट मत मांडले होते. कार्यक्रमाचे शहाणपण टोकांना असावे आणि मधले जाळे शक्य तितके साधे असावे. इंटरनेटवर नवे कार्यक्रम कोणाच्या परवानगीशिवाय येऊ शकले, ते बऱ्याच अंशी या तत्त्वामुळे. नॅटने मधल्या जाळ्याला पुन्हा शहाणे केले.

टिपणाचे लेखक हे जाणून होते. शेवटी त्यांनी आपल्याच उपायाचे दोष क्रमवार मांडले आहेत. बाहेरची वाहतूक दाट झाली तर तक्ते फुगतील, पत्त्यांचे घोटाळे वाढतील, काही कार्यक्रम मोडतील, संगणकाची ओळख लपेल. हे दोष पाहता हा उपाय दीर्घकाळासाठी योग्य नाही आणि कदाचित अल्पकाळासाठीही नसेल, असा त्यांचा निर्वाळा आहे. नव्या कल्पनेचे जनक इतक्या स्पष्टपणे तिच्याविरुद्ध साक्ष देतात, असे शास्त्रीय लेखनात क्वचितच दिसते.

संरक्षणाचा समज कुठून आला?

मूळ टिपणात सुरक्षिततेविषयी एक छोटा परिच्छेद आहे आणि तो आजच्या समजाच्या जवळजवळ विरुद्ध आहे. नॅटमुळे सुरक्षिततेचे पर्याय कमी होतात, कारण पत्ता किंवा पत्त्यावरून काढलेली माहिती गुप्त करता येत नाही, असे लेखक म्हणतात. बाहेरच्यांना आतला नेमका संगणक कळत नाही, हा खासगीपणाचा थोडा लाभ ते मान्य करतात. पण लगेच त्याची दुसरी बाजू सांगतात, की आतूनच कोणी आगळीक केली तर तो कोण हे शोधणेही तितकेच अवघड होते.

मग समज आला कुठून? एक कारण उत्पादनांत सापडते. जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांनी १९९४ मध्ये 'पिक्स' नावाची पेटी तयार केली आणि १९९५ मध्ये सिस्को कंपनीने तिची मूळ कंपनी विकत घेतली. पिक्स ही पत्ते बदलणारी पेटी म्हणून जन्मली आणि फायरवॉल म्हणून प्रसिद्ध झाली. एकाच डब्यात दोन कामे आली आणि ग्राहकांना ती एकच वाटू लागली.

ही कामे सुटी करून पाहू. फायरवॉलमध्ये प्रत्यक्षात तीन गोष्टी असतात. पहिली भाषांतर : कोणता पत्ता कोणत्या पत्त्यात बदलायचा. दुसरी स्मरण : कोणती संभाषणे आतून सुरू झाली आहेत याचा तक्ता. तिसरी धोरण : कोणाला येऊ द्यायचे, कोणाला जाऊ द्यायचे, कोणाला नाही. अनाहूत पाकीट अडते ते स्मरण आणि धोरण यांमुळे. पोर्ट बदलणाऱ्या नॅटला स्मरण ठेवावेच लागते, नाहीतर उत्तर कोणाला द्यायचे ते कळणार नाही. हे स्मरण संरक्षणासारखे दिसते. पण पेटी पाकीट टाकून देते ती ते घातक आहे म्हणून नव्हे, तर ते कोणाचे हे तिला ठाऊक नसते म्हणून. अज्ञान आणि नकार यांचा परिणाम एखाद्या वेळी सारखा दिसला, तरी दोन्ही एक नाहीत.

फरक तपासायला चार कसोट्या पुरेत. एक, एका आतल्या पत्त्याला एक बाहेरचा पत्ता कायमचा बांधून दिला आणि वर कोणताही नियम लावला नाही, तर पत्ता बदललेला असूनही बाहेरचे सर्व काही आत येते. भाषांतर आहे, संरक्षण शून्य. दोन, काही पेट्या एकदा जावक क्रमांक पडला की त्या क्रमांकावर कोणीही पाठवलेले पाकीट आत देतात, मग मूळ पत्र कोणालाही गेलेले असो. तीन, पेटीच्या बाहेरच्या तारेवर असलेल्या शेजाऱ्याने घेणाऱ्याचा पत्ता म्हणून थेट १०.३३.९६.५ लिहून पाकीट तिच्याकडे दिले, तर केवळ भाषांतर करणारी पेटी ते मुकाट्याने आत पोचवू शकते. त्याला अडवायला वेगळा नियम लागतो. चार, आतून बाहेर जाणाऱ्याला नॅट काहीच विचारत नाही.

याउलट नियम लावलेली आणि स्मरण ठेवणारी फायरवॉल एकही पत्ता न बदलता अनाहूत पाकिटे अडवू शकते. तेव्हा संरक्षणासाठी भाषांतर पुरेसे नाही आणि आवश्यकही नाही.

प्रत्यक्ष घटना काय सांगतात? नॅटचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर हा किडा विंडोज संगणकांवर १३५ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरून येऊन आदळत होता. साध्या घरगुती नॅटमागचे संगणक या थेट माऱ्यातून वाचले, कारण तक्त्यात नोंद नव्हती. पण मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा किडा ई-मेलच्या जोडपत्रातून आला तेव्हा नॅटचा काही उपयोग झाला नाही. पत्र मागवणारा आतलाच होता आणि जोडपत्र उघडणाराही आतलाच.

तिसरी घटना सर्वांत बोलकी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकार यांनी 'नॅट स्लिपस्ट्रीमिंग' हा हल्ला जाहीर केला. वर एफटीपीच्या संदर्भात पाहिलेला लिफाफा उघडणारा कारकून आठवा. इंटरनेटवरच्या दूरध्वनीसाठी असाच एक कारकून अनेक पेट्यांत असतो. हल्लेखोराच्या पानावर गेलेल्या ब्राउझरकडून त्या दूरध्वनी पद्धतीसारखे दिसणारे पाकीट पाठवले जाते. कारकून ते खरे मानून बाहेरच्याला आतल्या संगणकापर्यंत वाट करून देतो. ब्राउझर बनवणाऱ्यांना आपल्या बाजूने ते पोर्ट बंद करावे लागले. नॅटने मोडलेले कार्यक्रम सांधण्यासाठी जे ठिगळ लावले, त्यातूनच भोक पडले.

टिपणात काय राहून गेले?

लेखकांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करूनही दोन उणिवा दाखवाव्या लागतात.

पहिली उणीव अशी : नॅटच्या बाजूने त्यांनी दोन गुण सांगितले. फार बदल करावे लागत नाहीत आणि ज्याला हवे त्याने आपल्यापुरते बसवावे. हे दोन गुणच उपायाला कायमचा करतील, हे त्यांनी ओळखले नाही. लाभ बसवणाऱ्याला लगेच मिळतो. खर्च मात्र इतरांवर पडतो : नवा कार्यक्रम लिहिणाऱ्यावर, आपल्या संगणकावरून काही जगाला देऊ पाहणाऱ्यावर, बिघाड शोधणाऱ्यावर. जो उपाय करणाऱ्याला स्वस्त आणि इतरांना महाग असतो, तो आपोआप मागे घेतला जात नाही. गावाच्या पाण्याच्या टाकीऐवजी ज्याने त्याने आपल्यापुरती विंधनविहीर घेतली, की टाकीचा ठराव मागे पडतो, तसे हे झाले. त्या काळीही हा धोका पाहणारे होते. जुलै १९९४ च्या आरएफसी १६२७ मध्ये एलियट लिअर आणि इतरांनी खासगी पत्ते पुन्हापुन्हा वापरण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली. पण फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे नियम आरएफसी १९१८ म्हणून पक्के झाले, तेव्हा लेखकांच्या यादीत लिअर यांचेही नाव होते. विरोध करणाऱ्यांनाही टंचाई दिसतच होती.

दुसरी उणीव : संगणकांचे काय होईल हे टिपणात आहे, माणसांचे काय होईल हे नाही. शाळेच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापक बसवला आणि त्याच्या नोंदी शाळेच्याच संगणकावरून जगाला दाखवायच्या ठरवल्या, असे समजा. नॅटमागच्या त्या संगणकाला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. नोंदी कोणा मोठ्या कंपनीच्या संगणकावर नेऊन ठेवाव्या लागतात. दोन मित्रांना थेट बोलायचे आणि दोघेही नॅटमागे असतील, तर आधी तिसऱ्याला विचारून आपापला जाहीर पत्ता समजून घ्यावा लागतो आणि तेही न जमले तर सारे संभाषण तिसऱ्याच्या संगणकातून वळवावे लागते. मागणे सोपे, देणे अवघड, असे जाळे तयार झाले. काही थोड्या कंपन्यांच्या हाती सारे एकवटण्याची कारणे अनेक आहेत. नॅट हे एकटे कारण नसले तरी त्याने त्या वाटेला उतार दिला.

मोबाइल कंपन्यांनी तर आपल्या केंद्रातच मोठे नॅट बसवले. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणारे ४१,९४,३०४ पत्ते राखून ठेवले गेले. घरात एक बारनिशी आणि कंपनीत दुसरी. एका जाहीर पत्त्यामागे कित्येक अनोळखी ग्राहक. अशा वेळी कोणी गुन्हा केला आणि तपासात फक्त पत्ता हाती आला, तर संशय त्या सर्वांवर जातो. म्हणून पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि अचूक वेळही नोंदवावी, असे जून २०११ च्या आरएफसी ६३०२ ने सर्व्हर चालवणाऱ्यांना सुचवले. एखाद्या संकेतस्थळाने एका उपद्रवी माणसाचा पत्ता बंद केला, तर त्याच पत्त्यावरच्या निरपराध माणसांनाही दार बंद होते.

दीर्घकालीन उपाय

लेखकांना ज्याची वाट होती तो दीर्घकालीन उपाय डिसेंबर १९९५ मध्ये आयपीची सहावी आवृत्ती म्हणून प्रथम मांडला गेला. त्यात पत्ता १२८ बिटांचा आहे. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, तरी नवी आवृत्ती संथच पसरली. भारताची गोष्ट येथे वेगळी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा नव्या आवृत्तीसह सुरू झाली आणि आज नव्या पत्त्यांच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. ज्यांना जुने पत्ते कमी मिळाले, त्यांना नव्याकडे जाण्याची निकड अधिक होती.

नव्या आवृत्तीत नॅटची गरज नाही म्हटले, की लगेच शंका येते : मग संरक्षण कोण करणार? मे २००७ च्या आरएफसी ४८६४ ने याला मुद्देसूद उत्तर दिले. नॅटमुळे मिळतात असे मानलेले लाभ एकेक करून तपासले आणि ते पत्ते न बदलता कसे मिळवता येतात ते दाखवले. अनाहूत पाकिटे अडवण्याचे काम स्मरण ठेवणारी फायरवॉल करते, पूर्वीही खरे तर तेच होत होते. फरक एवढाच, की आता पर्जन्यमापकाचे दार उघडायचे की नाही हे शाळेला ठरवता येते. अर्थात सेवा देणाऱ्या कंपनीने मधे अडवले नाही तर. पत्ता असणे आणि दार उघडण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी पुन्हा वेगळ्याच आहेत.

वर्गात काय सांगावे?

प्रथम मोबाइल डेटा चालू असताना विद्यार्थ्यांना फोनच्या सेटिंगमध्ये आपला पत्ता पाहायला सांगावा. तो १० ने, १९२.१६८ ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर मधे पेटी बसलेली आहे. मग पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर बाहेरून दिसणारा पत्ता पाहावा. दोन वेगळे निघाले, की धड्याला सुरुवात झाली. एकाच वाय-फायवरच्या चार फोनांचा बाहेरचा जुना पत्ता एकच येतो का, हेही पाहावे.

नंतर चिठ्ठ्यांचा खेळ घ्यावा. वर्गाच्या दारात एका विद्यार्थ्याला बारनिशी देऊन बसवावे. आतल्यांनी चिठ्ठ्या बाहेर पाठवाव्यात, बाहेरच्यांनी संदर्भ क्रमांकासह उत्तरे द्यावीत. खेळ रंगला की बाहेरून संदर्भ नसलेली एक चिठ्ठी द्यावी आणि ती का पोचली नाही हे विचारावे. बहुतेक मुले 'कारकुनाने अडवली' असे म्हणतील. तेव्हा बारनिशी काढून घ्यावी आणि 'अनोळखी चिठ्ठी घेऊ नये' एवढाच लेखी नियम कारकुनाला द्यावा. नंतर उलट करावे : बारनिशी परत द्यावी आणि क्रमांक ४० वर येईल ते सर्व तिसऱ्या बाकावर द्यावे, असे आधीच लिहून ठेवावे. दोन्ही वेळी काय झाले याची तुलना मुलांनीच करावी.

नॅट सुरक्षितता देते का, असा प्रश्न परीक्षेत आला तर 'होय' आणि 'नाही' ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. कोणत्या दिशेने येणाऱ्या, कोणत्या प्रकारच्या धोक्यापासून आणि पेटीतल्या कोणत्या भागामुळे, हे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत. मूळ टिपणाच्या लेखकांनीही आपल्या उपायाला अशाच तपशिलाने तपासले होते. ती दहा पाने इंग्रजीत असली तरी भाषा सोपी आहे आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना झेपण्याजोगी आहेत. विशेषतः शेवटचे पान त्यांच्याकडून वाचून घ्यावे.